कॉन्कॉर्डचं नाक

जेवणाच्या टेबलावर विमान उतरल्यापासून बेरिल टोव्ही ओट्याशी उभ्यानेच जेवत होती. विमान प्लॅस्टिकचं होतं. कॉन्कॉर्डचं, हातभर लांब, सुटे भाग जोडून करायचं. मुलीने बापाला वाढदिवसाला दिलं आणि आईचं टेबल गेलं.

खरी कॉन्कॉर्ड इंग्लंडातल्या फिल्टनच्या ज्या कारखान्यात बनली, तिथे विल्फ टोव्हीने उमेदीची सगळी वर्षं तिच्या नाकावर घालवली होती. उतरताना वैमानिकाला धावपट्टी दिसावी म्हणून तिचं ते लांबलचक नाक खाली झुकायचं. फिल्टनमध्ये अजूनही माणसाची ओळख अशीच सांगतात: हा पंखवाला, तो इंजिनवाला. विल्फ नाकवाला.

दुसऱ्या दिवशी गावचा उन्हाळी मेळा होता आणि त्यात मॉडेलांची स्पर्धा. विमान तयार होतं, फक्त नाक बसवायचं राहिलं होतं.

“झालं का रे?” बेरिलने विचारलं.

“नाक चुकलंय.”

“कुणाचं?”

“किट करणाऱ्यांचं! अर्ध्या मिलिमीटरने फुगवलंय बघ. या लोकांनी खरं विमान लांबून तरी पाहिलंय का?”

“बसव की तसंच. कोण मोजायला येतंय?”

“गॅड्सबीसाहेब परीक्षक आहेत, बेरिल!”

गॅड्सबी म्हणजे कारखान्यातले त्याचे फोरमन. नव्वदीला टेकले होते, पण नजर अजून तीच. विल्फच्या कामाची त्यांनी उभ्या नोकरीत एकदाही तारीफ केली नव्हती. ती उद्या ऐकायची, एवढीच विल्फची इच्छा होती.

त्याने कानस घेतली. डावी बाजू जरा घासली. मग उजवी फुगीर दिसायला लागली, म्हणून उजवी घासली. आता टोक बोथट वाटायला लागलं! माकडाने वाटणी केलेल्या लोण्याचं जे झालं तेच त्या नाकाचं झालं. चहाची वेळ होईपर्यंत त्याच्या चिमटीत नुसती पांढरी भुकटी राहिली.

“बेरिल, मेणबत्ती आहे का गं घरात?”

“का? दिवे तर आहेत!”

“नाक गेलंय.”

बेरिल नवऱ्याला चांगली ओळखून होती. तिने खणातली पांढरी मेणबत्ती काढून दिली. विल्फने चाकूने असं काही नाक कोरलं, की तीही क्षणभर टेबल विसरली. सरळ, निमुळतं, अगदी खऱ्यासारखं.

इंग्लंडात ऊन पडत नाही, या एका गोष्टीवर विल्फने आयुष्यभर भरवसा ठेवला होता. त्या शनिवारी ते पडलं. मेळ्याचा तंबू नुसता भट्टी झाला. बायकांनी विकायला आणलेल्या जॅमच्या बरण्यांच्या झाकणांनी वारा घ्यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

“विल्फ!” शेजारी स्वतःचं मॉडेल मांडून बसलेला डग्लस पॉट ओरडला. हा इंजिनवाला. “अरे, तुझं नाक खाली येतंय!”

खरंच येत होतं. सावकाश, झोकात, धावपट्टी समोर दिसल्यासारखं. भोवती गर्दी जमली, टाळ्या पडल्या.

“मोटर बसवलीस की काय लेका?”

“आहे आपलं... काहीतरी,” विल्फ पुटपुटला.

“मग आता वर करून दाखव ना!” डग्लसने पेच टाकला.

तेवढ्यात काठी टेकत गॅड्सबी आले. “कर की वर, टोव्ही. बघू दे.”

मोटर बिघडली म्हणून सांगावं, असं विल्फच्या अगदी ओठांवर आलं. पण गॅड्सबींसमोर नाकाबद्दल खोटं बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

“मेणाचं आहे, साहेब. उन्हाने वितळतंय.”

तंबू खदखदून हसला. डग्लसने तर पोट धरलं. विल्फला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेरिलने त्याचा हात घट्ट धरला.

गॅड्सबी मात्र हसले नाहीत. “किटमधलं कुठे गेलं?”

“घासलं. चुकीचं होतं.”

“घासून संपवलंस?”

“हो, साहेब.”

“कितीने चुकीचं होतं?”

“अर्ध्या मिलिमीटरने.”

“अर्ध्या?” गॅड्सबींचा चेहरा लालबुंद झाला. “पाऊण, टोव्ही! चांगलं पाऊण मिलिमीटर!”

त्यांनी खिशातून पहिल्या नंबराचं लाल कार्ड काढून विल्फच्या विमानापुढे ठेवलं. डग्लसचं हसू जागच्या जागी विरलं. मग गॅड्सबी विल्फच्या कानाशी वाकले.

“दोन किटं आणली होती मी. दोन्हींची नाकं संपली. नाहीतर परीक्षक कशाला झालो असतो?”