जीभ दाखव

परब सरांना ‘नमस्ते सर’ म्हटलं, की ते उत्तर द्यायचे, ‘जीभ दाखव.’

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची शाळा बोरीवलीत, दुपारची. सव्वाबाराला फाटकात गळ्याला मफलर गुंडाळून गाणं शिकवणारे परब सर उभे असायचे. बोरीवलीत मफलर लागेल अशी थंडी वर्षातून चार दिवस पडते. सरांचा मफलर मे महिन्यातही उतरत नसे. समूहगानाची तीस मुलं एकेक करून त्यांच्यापुढे जीभ काढायची. कारण फाटकाबाहेरच बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. नारंगी जीभ म्हणजे ऑरेंज, जांभळी म्हणजे कालाखट्टा. गुन्हेगार सापडला की सर थेट मालवणीत शिरायचे. ‘मेल्या, बरफ खाल्लंस? आवाजाची वाट लागली ना रे!’

मी भूगोल शिकवायचो. थोडाफार तबला येतो हे कुणीतरी चुगली करून सांगितल्यामुळे समूहगानात सरांच्या शेजारी माझी नेमणूक झाली होती. काळजी हा संसर्गजन्य रोग आहे हे मला तिथे कळलं. दोन महिन्यांत मीही दाढी करताना आरशात जीभ बघायला लागलो.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. सर त्यांच्या शेजारीच उभे होते. वर्गाने ‘एक साथ नमस्ते’ केलं, सरांचा चेहरा पाहिला, आणि पहिल्या दोन बाकांनी सवयीने जिभा बाहेर काढल्या. साहेब दचकले. ‘या मुलांना काही त्रास आहे का?’

‘नाही साहेब,’ सर मनापासून म्हणाले, ‘आज सगळ्यांच्या गुलाबी आहेत.’

समूहगानाची आंतरशालेय स्पर्धा जवळ आली की सर घरून मिठाच्या गरम पाण्याचे दोन थर्मास आणायचे. मुलं मोरीपाशी ओळीने उभी राहायची, सर पेटीवर सा धरायचे आणि तीस घसे त्या सुरात खळखळायचे. कुणाची गुळणी सुरातून उतरली की सर हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. ‘तिसऱ्या नळावर कोण आहे? परत!’ शेजारच्या सोसायटीतल्या बायका गॅलरीत येऊन हे बघायच्या आणि सरांना त्याचं काहीच वाटायचं नाही.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकायची. हा माणूस स्वतः कधीच गात नसे. अवघड जागा आली की पेटीवर वाजवून दाखवणार, हवेत हाताने चढउतार काढणार, फारच झालं तर वैशालीला म्हणणार, ‘तू म्हणून दाखव गो.’ वैशाली कोळी सातवीतली. गोराईहून होडीने शाळेत यायची. खाडीच्या वाऱ्यात हाका मारून कसलेला आवाज. गाण्याच्या पहिल्या चार ओळी ती एकटी म्हणायची. सर गात नाहीत तो त्यांचा मोठेपणा असावा, असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी सरांना बोलावून सांगितलं, की यंदा नंबर आला नाही तर गाण्याचे तास गणिताला जातील. दहावीचा निकाल खाली आला होता. सर बाहेर आले आणि जिन्यातच बसले.

‘तावडे, तास गेले तर मी करू काय? जोगेश्वरीच्या खोलीत मी एकटा. घरी कुणाची जीभ बघू?’

मी हसलो. ते हसले नाहीत.

स्पर्धा मुलुंडला होती. खास बस केली होती आणि सरांनी तिच्या सगळ्या खिडक्या बंद करायला लावल्या होत्या. मुलं घामाघूम, माझा तबला घामाघूम. सर दर सिग्नलला म्हणायचे, ‘वाट लागणार.’ माझ्याही पोटात गोळा आला होता, पण तो शब्द सरांपुढे उच्चारायची सोय नव्हती.

आमचा क्रमांक नववा. सातवी शाळा गात असताना सरांनी हॉलमागच्या अंगणात शेवटची तपासणी घेतली. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. आणि वैशालीची जीभ जांभळी.

अंगणाच्या टोकाला गोळ्याची गाडी उभी होती, ती वैशालीखेरीज आमच्यापैकी कुणीच आधी बघितली नव्हती. वैशाली रडायला लागली. ‘सर, लय घाबरली होती मी... घसा सुकला व्हता... एकच चोखला.’ सरांनी पेटीवर सा दिला. तिच्या तोंडून फक्त हुंदका आला. पुन्हा दिला. पुन्हा हुंदका. मला गणिताचे तास स्पष्ट दिसायला लागले.

सर उठले. गाडीपाशी गेले. कालाखट्टा घेतला, मफलर सोडून खांद्यावर टाकला आणि आम्हा सगळ्यांसमोर तो गोळा शेवटच्या थेंबापर्यंत चोखून खाल्ला. मग वैशालीपुढे वाकून त्यांनी स्वतःची जीभ बाहेर काढली. गर्द जांभळी.

‘रडा नको गो बाय. बरफान काय एक होवचा नाय. मी आजवर खोटा सांगलंय.’

ती आधी बघत राहिली, मग फिस्सकन हसली. सरांनी लगेच सा दिला आणि ह्या वेळी तो लागला.

आमचा दुसरा नंबर आला. तास वाचले. परतीच्या बसमध्ये सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मी सरांना विचारलं, ‘खोटं कसं सर?’

त्यांनी मफलरची घडी घातली. मग म्हणाले, ‘एकोणीस वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी रेडिओवर पहिलंच गाणं. आनंदाच्या भरात गोळा खाल्ला. सकाळी आवाज बसला, तो कायमचा. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठ आहे, कित्येक महिने वाढत असणार, गोळ्याचा काही संबंध नाही.’

‘म्हणजे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?’

‘होतं रे. पण गाठीपासून मी पोरांना कसा वाचवणार, तावडे? गोळा तरी बंद करता येतो.’

ह्या माणसाच्या मफलरवर मी स्टाफरूममध्ये किती विनोद केले होते, ते आठवून लाज वाटली.

मागे मुलांनी स्पर्धेचं गाणं पुन्हा सुरू केलं होतं, मोकळ्या गळ्याने. दुसऱ्या कडव्याला माझ्या कानाशी काहीतरी घरघरलं. आधी वाटलं बसच आहे. पण तो आवाज मुलांच्या खाली, मंद्रात, सगळ्या सुरांवर नीट चालत होता. फाटका होता, पण एकही सूर चुकत नव्हता.

सर थांबू नयेत म्हणून मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि पुढच्या सीटच्या पाठीवर हळूच ठेका धरला.