लाहनूकाकांचा काटा
महाशिवरात्र जवळ आली की लाहनूकाका मला साकोलीच्या बाजारात नेऊन धानाच्या काट्यावर उभं करतात. मी शाळेत मास्तर. समोरच्या टपरीवर माझेच विद्यार्थी समोसे खात असतात. "भगत, हालू नको!" काका ओरडतात. मी पोट आत ओढतो, जणू काटा त्यानं फसणार आहे. मग ते अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा आकडा जाहीर करतात. आकडा वाढला की खूश. एका वर्षी मी पळून पळून जरा उतरलो, तर महिनाभर घरी बोलावून जेवू घातलं.

काका माझे चुलते, सानगडीचे शेतकरी. मूलबाळ नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून ते पचमढीच्या मोठ्या महादेवाला जायचा बेत आखताहेत. यात्रेत सगळे एकमेकांना भगत म्हणतात. काका बारा महिने म्हणतात, पोस्टमनलाही. अंगणात खाटा मांडून गाडीत बसायची तालीम घेतात. "घाट लय वंगाळ हाये. ओकणारे खिडकीत!" तिथल्या चौरागडाच्या चढाची तयारी म्हणून धानाचं पोतं खांद्यावर घेऊन बांधावरून फिरतात. माझं वजन कशाला, तर म्हणे गाडीचा तोल. बाकी कुणालाच तोलत नाहीत.

दरवर्षी ऐन वेळी मी म्हणतो, परीक्षा आहेत, आणि बेत मोडतो. खरं म्हणजे काकांबरोबर चारचौघांत दिसायची लाज वाटते. मग काकाच सगळ्यांना सांगतात, "गाडी बिघडली." लोक त्यांना हसतात.

यंदा पोत्यासकट ते बांधावर बसले ते उठेचनात; धरून घरी आणावं लागलं. मी काकूवर चिडलो, "या वयात पोतं कशाला?"

काकू म्हणाली, "जिल्हा फुटला त्या साली तू तापानं फणफणला होतास. पुरानं एसटी बंद. ह्यायनं तुले खांद्यावर टाकून साकोलीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत नवस बोलले, पोरगा वाचला तर त्याच्या वजनाचा त्रिशूल चौरागडावर नेईन, त्याले संग घेऊन."

"मग मला सांगितलं का नाही?"

"हे म्हणते, नवस माहा हाये, पोराच्या मानेवर कायले ठेवू? त्याच्या मनानं आला पाहिजे. म्या म्हटलं, तवाचंच वजन धरा. तर म्हणे, महादेवानं पोराले वाढवलं, अन् आपण काटा मारावा?"

इतकी वर्षं हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता आणि हसू स्वतःचं करून घेत होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मीच काकांना काट्यापाशी नेलं. टपरीवर पोरं होतीच. या वेळी मी पोट आत ओढलं नाही. आकडा चांगलाच वाढला होता.

"काका, रजा टाकली आहे," मी म्हणालो. "त्रिशूल दोघं मिळून उचलू."

काका दुपट्ट्यानं काटा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "तू मोहरं राह्यजो, भगत. चढावर वजन मागच्यावर येते."