धाकट्याची बैठक

किसननाना कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी वहाणा दाराबाहेर काढायचे, टोपी सारखी करायचे आणि मॉनिटरला हात जोडून खणखणीत आवाजात म्हणायचे, "राम राम मंडळी. येऊ का?" मग उभेच. आतून कुणी 'या' म्हटल्याशिवाय खुर्चीला टेकायचं नाही, ही त्यांची रीत. पहिले दोन दिवस मी गंमत पाहिली. तिसऱ्या दिवसापासून काउंटरवरून मीच "या नाना, बसा" म्हणू लागलो, नाहीतर तो माणूस माझ्या दुकानात उभ्या उभ्या मुळं धरता.

ही नारायणगावात इंटरनेट नवं नवं आलं तेव्हाची गोष्ट. मी मूळचा पेठचा, म्हणजे आंबेगाव तालुक्यातला. धंद्यासाठी जुन्नर तालुक्यात आलो आणि एस. टी. स्टँडमागच्या गाळ्यात चार कॉम्प्युटर मांडून कॅफे काढला. टेलिफोनच्या तारेवरून येणारं ते इंटरनेट असं, की गिऱ्हाईक एक फोटो उघडायला लावून बाजारात जाई, टोमॅटोचा अख्खा टेम्पो भरून परत येई, तरी पडद्यावर नुसतं कपाळ उमटलेलं असे. मी थापा मारत नाही. थोडं वाढवून सांगतो, एवढंच.

नाना बोरी बुद्रुकचे. पहिल्यांदा आले ते द्राक्षांवरच्या रोगाची माहिती काढायला. मी सहज त्यांना एक मराठी पान उघडून दाखवलं. जगभरची मराठी माणसं तिथं जमून दिवसभर गप्पा हाणत: आज काय शिजवलं, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या सुनेनं काय म्हटलं. नानांनी सगळं वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "म्हंजे बैठकच हाय की ही. फक्त तंबाखूला हात पुढं येत न्हाई." द्राक्षं राहिली बाजूला. दर मंगळवारी आणि शनिवारी जीप पकडून नाना बैठकीला येऊ लागले.

पानावर टोपणनाव घ्यावं लागे. नानांनी घेतलं 'धाकटा'.

टाइप करायचे ते उजव्या करंगळीनं, कारण बाकीच्या बोटांखाली एकाच वेळी तीन कळा जायच्या. खिशातल्या भाजक्या शेंगा आधी कीबोर्डशेजारी मांडायचे, "मंडळींना." घरच्या टोमॅटोचा पहिला तोडा झाला की एक टोमॅटो पडद्यासमोर धरून फिरवायचे. "नाना, त्यांना दिसत नाही हो," मी सांगायचो. "त्यांना न्हाई दिसलं तरी मी दाखवलं का न्हाई? रीत हाय का न्हाई?" वीज गेली तर बाकीची गिऱ्हाइकं शिव्या देत उठायची. नाना काळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसून राहायचे. बोलण्याच्या मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही म्हणून.

पण बैठकीत त्यांना जो मान मिळाला तो त्यांच्या थोरल्या भावामुळं. दोघे भाऊ बिनलग्नाचे. थोरल्याचं झाल्याशिवाय धाकट्यानं करायचं नाही, आणि थोरल्याला कुठलीच मुलगी पसंत पडली नाही. मुलगी पाहायला जाऊन तिच्या बापाची गाय पसंत करून यायचे. थोरल्यांनी आज काय केलं, हे नाना दर खेपेला लिहायचे. थोरले चष्मा लावत नाहीत, त्यामुळं काल त्यांनी शेतातल्या बुजगावण्याला 'कुठल्या गावचं पावणं?' विचारलं आणि उत्तर दिलं नाही म्हणून अर्धा तास झापलं. थोरल्यांचं कोंबड्याशी बिनसलं, म्हणून ते रोज त्याच्या आधी उठून स्वतःच आरवतात. कोंबडा शरमेनं शेजाऱ्याकडं राहायला गेला. आणि धाकट्यानं जेवताना काही बोलायला तोंड उघडलं, की थोरल्यांचं ठरलेलं वाक्य: "जेव मुकाट्यानं."

ते 'जेव मुकाट्यानं' इतकं गाजलं, की दुबईत आणि इंग्लंडात लोक आपापल्या बायकापोरांना ते ऐकवू लागले. तिकडची माणसं सकाळी उठून आधी हवामान बघतात म्हणे. ही मंडळी आधी थोरले बघत.

या बैठकीत नाशिकच्या शुभांगीताई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. एके दिवशी त्यांनी लिहिलं, वडील गेले. पाच मिनिटांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा नुसता पाऊस. नाना वाचता वाचता तांबडे झाले.

"ही काय तऱ्हा हाय? मानूस गेलंय आन् ही मंडळी बटनं दाबत्यात?" मग करंगळी परजून त्यांनी लिहिलं. मला पाठ आहे ते: 'ज्या घरात मयत झालं त्या घरात चूल पेटत न्हाई. भाकरी दुसऱ्याच्या चुलीवरची लागते. ती घेऊन जायाचं, शेजारी बसायाचं, बोलायाचं न्हाई. दुःख हे लिहून कळवायची गोष्ट न्हाई.' आणि उठले.

दुसऱ्या दिवशी बारा भाकऱ्या आणि पिठल्याचा डबा फडक्यात बांधून हा गृहस्थ नाशिकच्या एस. टी.त बसला. पत्ता? पत्ता नव्हताच. पण ताई रोज काही ना काही लिहायच्या. फाटकाला पोपटी रंग दिला, समोरच्या गिरणीच्या घरघरीनं दुपारची झोप होत नाही, शेजारणीनं आमच्या शेवग्याच्या शेंगा पुन्हा तोडल्या. नानांनी नाशकात उतरून गिरण्या विचारायला सुरुवात केली. माझ्या मते शंभर गिरण्या पालथ्या घातल्या. नाना सात म्हणायचे. सातव्या गिरणीसमोर पोपटी फाटक आणि शेवगा. नाना आत गेले, गाठोडं ठेवलं, तासभर एक शब्द न बोलता बसले आणि परत आले. ताईंच्या घरी गॅस कधीच पेटला होता. पण त्या रात्री सगळ्यांनी त्या भाकऱ्याच खाल्ल्या, असं ताईंनी नंतर लिहिलं.

पुढं ऊन तापलं आणि बैठकीत विषय निघाला, यंदा सुट्टीत कुठं जाणार? कुणी सिमला म्हणालं, कुणी केरळ, कुणी थेट स्वित्झर्लंड. नाना चक्रावले. त्यांनी विचारलं, 'सिमल्याला कोन हाय तुमचं?' उत्तर आलं, कोणी नाही. 'मग यात्रा हाय का तिथं?' नाही. 'कुनी बोलावलंय?' नाही. नाना माझ्याकडं वळले. "आरं, कुनी बोलावलं न्हाई तिथं हे लोक बिनदिक्कत जात्यात? आन् तिथलं लोक जेवायला तरी घालत्यात का?"

त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी आपल्याकडं कुणीही निघताना म्हणतं तसं लिहून टाकलं: 'त्यापरीस आमच्या यात्रेला या.'

आपल्याकडं याला समोरचा 'येऊ की' म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. या मंडळींना तेवढं शिकवलेलं नव्हतं. त्यांनी सिमला रद्द केला! शुभांगीताई निघाल्या. दुबईचे सलीमभाई मूळचे जुन्नरचेच. ते म्हणाले, मी सुट्टीवर येतोच आहे, अम्मीला घेऊन येतो. पुण्याहून, मुंबईहून एकेक करत पंधरा जण तयार झाले, आणि प्रत्येकानं खाली तेच लिहिलं: थोरल्यांना बघायचंय. त्यांच्या तोंडून 'जेव मुकाट्यानं' ऐकायचंय.

नानांनी ते वाचलं. शेंगा मांडलेल्या तशाच ठेवून उठले. पुढच्या मंगळवारी आले नाहीत. शनिवारी नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी दुकानाचं शटर ओढलं आणि मोटारसायकल बोरीला काढली.

गावात विचारलं, "किसननाना आणि त्यांचे थोरले बंधू कुठं राहतात?" पारावरचा माणूस माझ्याकडं बघत राहिला. "किसननाना त्या चिंचेपल्याड. थोरलं कुठनं आनलं तुमी?"

घरात दोन बाजा होत्या. एकीवर नाना बसले होते. दुसरीच्या वर भिंतीवर फोटो होता, नानांसारखंच नाक, डोळ्यांवर चष्मा नाही. फोटोला हार.

"तीन वर्सं झाली," नाना म्हणाले.

म्हणजे नानांनी माझ्या दुकानात पाऊल टाकलं त्याच्या वर्षभर आधीच थोरले गेले होते. मी भलतंच विचारलं, "मग तो कोंबडा? ते बुजगावणं?"

"त्यात एक अक्षर खोटं न्हाई! समदं घडलेलं हाय. फक्त कवा घडलं ते सांगितलं न्हाई. साठ वर्सांचं साठलंय, राव. एकेक काढतो. आजून दोन-तीन वर्सं आरामात पुरंल." मग फोटोकडं बघत हळूच म्हणाले, "गावात सांगाय गेलो तर म्हनत्यात, नाना, आता इसरा. तिथं कुनी इसरा म्हनत न्हाई. इचारत्यात, आज काय केलं थोरल्यानं. आता ते येतील, ही बाज बघतील, लबाड म्हनतील मला. जातील उठून."

"आधीच सांगून टाका, नाना."

"सांगितलं की गेला ना तो तिथनंबी. आन् थोरलाच न्हाई, तर मी धाकटा कुनाचा?"

मी मोटारसायकलला किक मारली आणि दुकानाकडं निघालो.

यात्रेच्या चार दिवस आधी नाना दुकानात आले. 'येऊ का' विचारलं नाही. वहाणांसकट आत आले आणि खुर्चीमागं उभे राहिले. "तू लिही. माझं बोट चालत न्हाई." मी लिहिलं: 'थोरले तीन वर्षांपूर्वीच गेले. मी सांगितलं नाही. माझं चुकलं. तुम्ही आपापल्या सुट्टीला जा.'

एरवी तिथं कुणी शिंकलं तरी दहा जण 'काळजी घ्या' म्हणायचे. त्या दिवशी कुणी काहीच लिहिलं नाही. तास गेला, दोन तास गेले. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, टेलिफोनची तार हलवून पाहिली. इंटरनेट धडधाकट होतं. नानांनी टोपी सारखी केली. "उठली बैठक," म्हणाले, आणि पडद्याकडं पाठ करून निघाले.

यात्रेच्या दिवशी मी सकाळीच बोरीला गेलो. शर्यतीच्या घाटाकडून बैलगाड्यांची भिर्रर्र ऐकू येत होती, घरोघरी पाहुणे आणि रश्श्याचा वास. नानांची चूल तेवढी थंड. "पावनंच न्हाईत तर पेटवू कुनासाठी?" मी म्हटलं, मी काय दगड आहे का. पण तेही त्यांनी ऐकलं नाही.

तेवढ्यात चिंचेखाली दोन जीपगाड्या थांबल्या. सगळ्यांत आधी एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उतरल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या शुभांगीताई आहेत हे मला कळलं, कारण त्यांच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. त्यांच्यामागं सलीमभाई आणि त्यांची अम्मी. अम्मीच्या हातात गाठोडं. मागून पुण्यामुंबईची माणसं, प्रत्येकाच्या हातात गाठोडं. पुण्याच्या एका पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापली होती. तिच्या भाकरीला चारी बाजूंनी किनारपट्टी होती, बंदरांसकट. एकूण भाकऱ्या किती? दीडशे तरी असतील. बरं, साठ धरा.

सगळ्यांनी वहाणा दाराबाहेर काढल्या. ताई उंबऱ्यात थांबल्या. "राम राम नाना. येऊ का?"

नाना टोपी सारखी करू लागले. मग सवयीनं मीच म्हणालो, "या, बसा."

ते बसले. घाटावर लाऊडस्पीकर कोकलत होता, बैल पळत होते, आणि त्या ओसरीवर पंधरा माणसं एक शब्द न बोलता बसली होती. बऱ्याच वेळानं नानाच म्हणाले, "मला वाटलं, रागावलात. कुनी काय लिहिलं न्हाई."

"दुःख ही लिहून कळवायची गोष्ट नाही," ताई म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंत ना?"

ताईंनी गाठोडं सोडलं, भाकरीवर पिठलं वाढलं. "नाना, वय काय तुमचं?"

"सदुसष्ट."

"मला एकोणसत्तर." त्यांनी भाकरी पुढं केली.

नानांनी ती हातात घेतली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"जेव मुकाट्यानं," ताई म्हणाल्या.

आणि नाना मुकाट्यानं जेवले.