हंबीररावचा राग

अभिनंदनला राग येत नसे. वडिलांच्या साडीच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक सगळी गादी साड्यांनी भरवून घेई आणि काही न घेता उठे, तरी हा 'या परत' म्हणत चपलांपर्यंत सोडायला जाई. एवढंच असतं तर निभलं असतं. पण त्याला रविवारच्या खेळात टिकायचं होतं.

एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि कोणाचं पुढं काय होणार ते फाशानं ठरवायचं, असा तो टेबलाभोवतीचा खेळ. गोष्ट रचायचा दत्तप्रसाद. अभिनंदनचं प्रत्येक पात्र तिथं लवकर मरे. पहिला चोर होता, तो दार वाजवून घरात शिरला. दुसरा जादूगार, त्यानं लांडग्याला आधी वाट दिली.

"अभ्या, आता ह्येबी मेलं तर खुर्ची सोडायची," दत्तप्रसादनं बजावलं. "लई जण वाट बघत्यात."

त्या खुर्चीच्या बरोबर समोर भैरवी बसायची. खेळात ती वैदू होती, सगळ्यांच्या जखमा बांधायची. खुर्ची गेली की समोरचं तिचं हसूही गेलं असतं.

म्हणून त्यानं या खेपेला बार्बेरियन रचायला घेतला, रानटी वीर. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याचे डोळे अर्धे मिटत आणि गगनबावड्याच्या धुक्यातून खांद्यावर कुऱ्हाड, पाठीवर घोंगडं असा हंबीरराव चालत येई. अभिनंदननं त्याच्यात ताकद भरपूर घातली, चिवटपणा त्याहून जास्त आणि अक्कल मात्र हात राखून. पण बार्बेरियनची खरी मदार रागावर. राग आला की घाव दुप्पट बसतो आणि आपल्याला लागलेलं निम्मंच लागतं. राग न आलेला बार्बेरियन म्हणजे नुसताच मोठा माणूस.

तेव्हा रागाची तालीम करणं आलं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन तो पाण्याच्या टाकीवर ओरडला, "मला राग आलाय! आता एकेकाला आडवा करतो!"

पलीकडे त्याची आई त्रिशला वाळलेले कपडे काढत होती. तिला हंबीरराव कुठला ठाऊक? जन्मात आवाज न चढवलेला मुलगा टाकीला धमकावतोय, एवढंच तिला दिसलं. पोराच्या मनात काहीतरी साठलंय, या काळजीनं ती रात्रभर तळमळली.

दुसऱ्या दिवशी जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. त्रिशलानं त्याला मंदिरात नेलं आणि म्हणाली, "नियम घे. पर्व संपेस्तोवर राग करायचा न्हाय. मीबी घेते तुझ्या सोबतीला."

आजवर कोणालाच 'नाही' न म्हटलेल्या अभिनंदननं हात जोडले. घरी येताना त्याच्या ध्यानात आलं की रविवार पर्वातच येतोय.

"आई, खेळातला राग चालतो का गं?"

"राग त्यो राग. खेळातलाबी मनातनंच येतोय न्हवं?"

दत्तप्रसादच्या घरी रंगकाम काढलेलं, म्हणून त्या रविवारी खेळ अभिनंदनच्याच माडीवर बसला. घाटात राक्षसानं वाट अडवली. भैरवीची वैदू त्याच्या पायाखाली सापडली आणि सगळे हंबीररावकडे बघू लागले.

"चल, आण राग!" दत्तप्रसाद म्हणाला.

"यायचा न्हाय. नियम हाय."

"अरं, बार्बेरियन हाय त्यो! त्याला कसला नियम?"

"माझ्याकडनं लागलाय त्याला."

"अभिनंदन, मी पायाखाली हाय," भैरवी म्हणाली. "जरा इचार कर की."

अभिनंदननं डोळे मिटले. आजूबाजूला पांढरंशुभ्र धुकं, आणि त्यात हंबीररावनं कुऱ्हाड खाली ठेवली, हात जोडले. "पावणं," तो म्हणाला, "तेवढा पाय बाजूला घ्या की."

वीस तोंडी फासा पडला. जितका मोठा आकडा तितकं चांगलं, आले दोनच.

"राक्षस ह्याच्या मुस्काडात ठेवून देतोय!" दत्तप्रसाद रंगात येऊन गरजला. "आन् म्हणतोय, ह्या खुळ्याला आईनं काय शिकवलंय का न्हाय?"

नेमकी तेव्हाच त्रिशला चिवड्याचं ताट घेऊन दारात आली. मुलगा डोळे मिटून, हात जोडून बसलेला आणि त्याच्यावर ओरडणारा दत्तप्रसाद.

"कोण म्हणालं रं त्ये?"

"मी न्हवं काकू, राक्षस."

"कुठाय राक्षस?"

"हितं, घाटात," भैरवी म्हणाली. "मी त्याच्या पायाखाली हाय."

"पोरीच्या अंगावर पाय ठिवलाय?" ताट खाली आलं, पदर कमरेला गेला. "आण त्यो फासा हिकडं!"

आईचा हा अवतार अभिनंदननं कधी पाहिला नव्हता. घरातला सगळा राग इतकी वर्षं कोणाकडे साठून होता, ते त्याला आत्ता कळलं. फासा ताटावर आपटला, गरगरला आणि थांबला. वीस!

"काकू, घाव राग धरून घालायचा का बिनरागाचा?" दत्तप्रसादनं चाचरत विचारलं.

"राग धरून!"

राक्षस थेट कोकणात जाऊन पडला. माडीवर एकच आरडाओरडा झाला आणि त्यातच त्रिशलाचा हात तोंडावर गेला. "आगं बाई, नियम!"

पर्व संपलं, सगळ्यांची क्षमा मागायचा क्षमावाणीचा दिवस आला. त्रिशलानं पहिला फोन दत्तप्रसादला केला. "चुकलं माकलं पोटात घाल बाबा. त्या राक्षसालाबी सांग." मग हळूच म्हणाली, "आता नियम संपला न्हवं? ऐतवारी किती वाजता बसताय?"

रविवारी अभिनंदन चिवड्याचं ताट घेऊन माडीवर आला, तर त्याच्या खुर्चीत आई.

"हंबीरराव जिता हाय, खुर्ची शाबूत हाय," दत्तप्रसाद म्हणाला. "पर चालवणारं माणूस बदललंय."

अभिनंदननं मनात राग शोधून पाहिला. सापडला नाही. तिथं नुसतं धुकं होतं आणि त्याला फार वाईट वाटलं.

"उभा का?" भैरवी बाकड्यावर सरकली. "बस की हितं. एवढ्या जखमा मला एकटीला बांधायला व्हायच्या न्हाईत."

तो बसला. समोरच्या खुर्चीत हंबीररावनं पदर खोचला.

"बसलास न्हवं नीट?" त्रिशला म्हणाली. "हं, मग आज कुणाला हाणायचंय?"