ठकूबाईचा राब आणि टिपणिसांचा करकोचा

शनिवारी संध्याकाळी मालतीबाईंनी कोपरा झाडताना छत्री उचलली, तर हातात नुसत्या काड्या आल्या. काळं कापड गायब. पलंगावरची एक उशी गायब. सकाळी बाजारातून आणलेल्या गाजरांपैकी सगळ्यात लांब गाजरही गायब. मालतीबाईंना चोराचा संशय आला नाही. नवरा घरातच होता.

विष्णू टिपणीस परसात बसून बांबूच्या काठीला लाल रंग देत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"करकोचा," विष्णू मान वर न करता म्हणाला.

दहिवलीत राहून कर्जतच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या या माणसाला पक्ष्यांचा नाद होता. थंडीत आलेले पाहुणे पक्षी फाल्गुनात परत उत्तरेला निघाले की तो सायकल काढून रानोमाळ हिंडायचा आणि दिसेल तो पक्षी पोस्टकार्डावर लिहून मुंबईच्या पक्षीमित्र मंडळाला कळवायचा. मंडळ दर महिन्याला एक पत्रक छापत असे. कुठला पक्षी, कुठे दिसला, आणि शेवटी 'निरीक्षक' म्हणून पाहणाऱ्याचं नाव. ते नाव छापून यावं म्हणून विष्णूने सहा वर्षांत त्रेचाळीस कार्डं टाकली होती. प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं : 'पुन्हा नीट पाहावे.' कचेरीत आता त्याला 'पुन्हा पाहा' म्हणूनच हाक मारत.

यंदा मात्र दैव उघडलं होतं. कर्जतजवळ, कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याला, ठकूबाई गायकवाडच्या शेतात त्याला पांढरा करकोचा दिसला. कमरेएवढा उंच, पंखांची टोकं काळी, चोच आणि पाय लालभडक. मंडळाचे चिटणीस कोठारे यांनी उलट टपाली कळवलं, की रविवारी आपण स्वतः येतो, पक्षी डोळ्यांनी दिसला तर नाव छापतो.

अडचण एकच होती. ठकूबाईला राब भाजायचा होता. भाताचं रोप जिथे टाकायचं तिथे तिने शेण, पाला, गवत पसरून ठेवलं होतं, फक्त काडी लावायची बाकी होती.

"सगल्यांचे राब भाजून झाले, भाऊसाहेब. माजाच ऱ्हायलाय."

"रविवारी बारापर्यंत थांबा, ठकूबाई. धुरानं पक्षी पळेल."

ठकूबाईने कमरेवर हात ठेवला. सातबाराच्या उताऱ्यासाठी ती दोन वर्षं विष्णूच्याच टेबलाशी खेपा घालत होती. "आन माजा उतारा?"

"सोमवारी घरपोच."

"बारा म्हंजे बारा हां. मंग मी नाय आयकनार."

मग विष्णूने करकोच्याची बडदास्त सुरू केली. ठकूबाईचा कुत्रा बांधून ठेवला, बुजगावणं उपटलं, घरातले सुके बोंबील रोज नेऊन बांधावर मांडले. करकोच्याने त्यांना चोचही लावली नाही. कावळे आले, चार मांजरं आली, नंतर गावातली झाडून सगळी कुत्री आली. शुक्रवारी करकोचा उडून गेला तो गेलाच. म्हणून शनिवारी उशी लागली.

रविवारी कोठारे उतरले ते खाकी टोपी आणि गळ्यात दुर्बीण अशा थाटात. विष्णूने त्यांना शेतापासून शक्य तितक्या लांब, आंब्याच्या झाडाखाली बसवलं. फार बुजरा आहे म्हणाला.

कोठाऱ्यांनी दुर्बीण लावली. "वा. काय ऐटीत उभा आहे. आणि एकाच पायावर."

दुसऱ्या पायाला बांबू पुरला नव्हता, हे विष्णू बोलला नाही.

अर्धा तास गेला. कोठारे वहीत भराभर लिहीत होते. त्यांना त्या पक्ष्याच्या संयमाचं फार कौतुक वाटत होतं. एवढ्यात ठकूबाईची शेळी चिमा डुलत डुलत करकोच्यापाशी गेली.

"शेळी आली तरी उडत नाही?"

"ओळखीची आहे," विष्णू म्हणाला.

चिमाने करकोच्याला हुंगलं, आणि त्याची चोच कुडूमकुडूम खाऊन टाकली.

कोठाऱ्यांनी दुर्बीण खाली घेतली, काचा पुसल्या, पुन्हा लावली. ते काही विचारणार तोच ऊन डोक्यावर आलं आणि ठकूबाईने शब्द पाळला. काडी लावली. वाळला पाला भडकला आणि पेंढा भरलेली उशी त्याहून भडकली. बिनचोचीचा करकोचा जागचा न हलता, एका पायावर, ताठ मानेने जळाला.

विष्णूने डोळे मिटून घेतले. त्रेचाळीस कार्डं त्याच धुरातून वर जाताना त्याला दिसली.

"टिपणीस," कोठाऱ्यांनी त्याचा दंड धरून हलवला. "वर बघा."

धुराच्या वर मोठमोठे पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. एकेक करत ते खाली उतरले आणि आगीतून उड्या मारत पळणारे टोळ, नाकतोडे लाल चोचींनी टिपू लागले. एक, दोन, पाच... अकरा. अकराच्या अकरा दोन्ही पायांवर होते.

कोठारे धावत ठकूबाईकडे गेले. हे पक्षी तिने आधी कधी पाहिले होते का?

"दर सालीच येतात. राब भाजला का किडे खायाला उतरतात. यंदा एकच येऊन वाट बघून गेला. ह्या भाऊसाहेबांनी मला काडी लावू दिली नाय ना."

कोठाऱ्यांनी विष्णूकडे पाहिलं. मग राखेतून अर्धवट जळालेला लाल बांबू उचलला आणि बराच वेळ न्याहाळला. वहीतली दोन पानं नीट घडी करून फाडली आणि निखाऱ्यात टाकली.

"त्या पहिल्या करकोच्याबद्दल आपण दोघांनीही कुठे बोलायला नको," ते म्हणाले.

"नकोच," विष्णू म्हणाला.

एप्रिलचं पत्रक आलं. पहिल्याच पानावर होतं : 'कर्जत. पांढरे करकोचे, अकरा. निरीक्षक : ठकूबाई गायकवाड. साहाय्य : वि. टिपणीस.' विष्णूने कचेरीत पेढे वाटले. सहा वर्षांनी नाव छापून आलं होतं, मग ते दुसरं का असेना. त्या दिवसापासून त्याला कुणी 'पुन्हा पाहा' म्हटलं नाही.

पत्रक घेऊन तो कोंडाण्याला गेला. सोबत मंडळाचं कार्डही होतं, ठकूबाईच्या नावाचं. ते त्यानेच वाचून दाखवलं : 'पुढील वर्षी सर्व सभासद येणार आहेत. आपण राब कोणत्या तारखेस भाजणार, कृपया कळवावे.'

ठकूबाईने पदराला हात पुसले, कार्ड घेतलं आणि चोळीत खोचलं.

"तारीख हाय माज्या डोक्यात. पन आज नाय सांगनार. पुन्हा या."

"पुन्हा कधी?"

"माजा उतारा घिऊन याल तवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरी उघडायच्या आत, विष्णू टिपणीस उतारा घेऊन ठकूबाईच्या दारात उभा होता. शाई अजून ओली होती.