सॉरी विकू नका

पांढरीपांडेसरांना जगातली कुठलीच किंमत पटत नाही. इथं आयर्लंडात सँडीफोर्डच्या सुपरमार्केटात भाजी घ्यायला गेले, की ते टोमॅटोच्या पाटीसमोर दहा-दहा मिनिटं उभे राहतात. टोमॅटो महाग आहेत म्हणून नव्हे. “अडीच युरो काहून ठेवलं बापा यांनी? तीन ठेवलं असतं तरी लोकांनी घेतलेच असते,” असं म्हणत दुकानदाराच्या नुकसानीनं हळहळतात.

सर मूळचे नागपूरचे. आमच्याच इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात आणि चेरीवूडला माझ्याच कंपनीत काम करतात. ऑफिसातल्या आयरिश मंडळींना ‘पांढरीपांडे’ काही केल्या झेपेना. आधी ‘पँडी’ झालं, आणि महिन्याभरात ‘पॅडी’, म्हणजे आयरिश माणसाचं अगदी ठरलेलं नाव. नागपूरचा माणूस बसल्या जागी आयरिश झाला.

आमची कंपनी मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ चालवते. यातले पत्ते हातात धरता येत नाहीत, ते फक्त फोनमध्ये असतात. तरी लोक ते जमवतात. दीडशे नाण्यांना एक पाकीट, आत पाच पत्ते, नशीब असेल तर एखादा दुर्मीळ. ही नाणीही फोनमधलीच, पण विकत घ्यावी लागतात खऱ्या पैशांनी, आणि मिळतात चारशेच्या थैलीत. दोन पाकिटं घेतली की शंभर उरतात. त्या शंभरात काहीच येत नाही. पन्नास कमी पडतात म्हणून माणूस पुन्हा थैली घेतो. हा हिशेब सरांच्या डोक्यातून निघालेला.

“उरलं पाहिजे, मानसी,” ते मला समजावतात. “थोडंसं उरलं की माणूस परत येतो.”

एकदा गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या बायकांनी मोदकांचा स्टॉल लावला. सर तिथंही पोचले. एक मोदक अडीचला, चार साडेनऊला, सहा दहाला, अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवली.

“पण चार कोण घेईल?” मी विचारलं.

“कोणीच नाही. चार ठेवले म्हणून तर सहा स्वस्त वाटतात न.”

तासाभरात मोदक संपले. फक्त एका डॉक्टरांनी शांतपणे चार मागितले, साडेनऊ मोजले आणि ते निघून गेले. सर दिवसभर अस्वस्थ होते. “या माणसाच्या हाती लोक पोट कसं देतात?” असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

तर असा हा माणूस. म्हणून त्या दिवशीची मीटिंग ऑफिसात अजून कुणी विसरलेलं नाही.

आमच्या खेळात समोरच्याशी गप्पा मारता येत नाहीत. सहा तयार शब्द असतात: हॅलो, थँक्स, सॉरी, वेल प्लेड, असे. बटण दाबलं की समोर उमटतात. आमची बॉस ओर्ला म्हणाली, ‘हॅलो’ तेवढं फुकट ठेवू, बाकीचे पाच विकायला काढू. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. आता तीन दरांची पाटी निघणार, याची खात्रीच होती.

“नाही,” सर म्हणाले.

“पॅडी, पत्त्यांच्या पाठीचे रंगसुद्धा तूच विकायला काढलेस ना?” ओर्लानं विचारलं.

“रंग विका. सॉरी विकू नका.”

सरांनी एकही आकडा मांडला नाही. नुसते बसून राहिले, कान लाल झालेले. ओर्लानं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वही मिटली. “ग्रँड,” ती इथल्या पद्धतीनं ‘ठीक आहे’ म्हणाली. “राहू दे मग.”

त्या संध्याकाळी लुआस ट्राममध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. साडेपाच वाजले होते. सर चक्क आमचाच खेळ खेळत होते. समोरच्या खेळाडूचं नाव होतं इरा. सर हरले. त्यांनी ‘सॉरी’ दाबलं. तिकडून ‘वेल प्लेड’ आलं. सरांनी फोन खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत सांगायला लागले.

इरा त्यांची मुलगी. तीन वर्षांपूर्वी नवराबायको वेगळे झाले. बायकोनं डंडॉक गावी नोकरी धरली आणि इरा आईबरोबर गेली. तेव्हा सरांनी तिच्या दिवसांची वाटणी एक्सेलमध्ये करून तिला ईमेल केली होती: सोमवार ते गुरुवार आई, पुढे बाबा, सुट्ट्या निम्म्या निम्म्या. सोळा वर्षांच्या पोरीला.

“काय म्हणाली ती?”

“‘आय’म नॉट अ पॅक ऑफ कार्ड्स, बाबा.’ त्यानंतर फोन उचलला नाही. पण वर्षभरानं खेळात तिची फ्रेंड रिक्वेस्ट आली. रोज साडेपाचला एक डाव. मी रोज एकदा सॉरी दाबतो. खेळताना चुकलो म्हणून म्हणतोय, असं तिला वाटत असेल. वाटू दे.”



पुढे मे महिन्यात एका शुक्रवारी आमचा सर्व्हर बंद पडला. कारण मीच. दुपारी संपणारी दुरुस्ती माझ्या हातून रात्रीपर्यंत लांबली. साडेपाचला खेळ उघडे, पण समोरचा खेळाडू कुणालाच दिसेना. मी घाम पुसत असताना सर माझ्या टेबलाशी आले. फोन कानाला, चेहरा पांढराफटक.

“हो... हो बेटा, ठीक आहे मी. खेळच बंद आहे. नाही, नाही, आजारी नाही... उद्या? उद्या येतो न.”

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना गाडीनं डंडॉकला नेलं. रस्ता सव्वा तासाचा. एका छोट्या घरासमोर गाडी थांबवली. दार उघडलं आणि ट्रॅकसूट घातलेली, सरांसारख्याच रुंद कपाळाची एक उंच मुलगी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“हाया, बाबा. आर यू कमिंग इन, ऑर व्हॉट?”

सरांनी पट्टा सोडला, दाराच्या खटक्यावर हात ठेवला आणि तसेच बसले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “मानसी, तूही चल ना आत. मला एकट्याला नाही जमायचं.”