प्लॅस्टिकमधली सही

"आता हे मृत्युपत्र पाण्याने भिजायचं नाही, वाळवी खायची नाही आणि तुझ्या काकाला फाडता यायचं नाही!"

बाबांनी छाती फुगवून जाहीर केलं. लॅमिनेशनच्या यंत्रातून कागद गरमागरम बाहेर आला होता, नुकताच तव्यावरून उतरवल्यासारखा. बाबांचा जन्म लोकांचे कागद प्लॅस्टिकमध्ये घालण्यात गेला. म्हातारपणी दुकान विकलं आणि यंत्र घरी आलं, तेव्हापासून घरातला एक कागद उघडा राहिला नव्हता. औषधांच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, लेकीची प्रगतिपुस्तकं, सगळं चकचकीत!

"मलाही घाला एकदा त्यात," आई म्हणाली. "सुरकुत्या तरी जातील."

"मावायची नाहीस."

साक्षीदार म्हणून आधीच सह्या करून शेजारचे दंतवैद्य आणि त्यांची बायको समोर बसले होते. दंतवैद्य एवढे हसले, की त्यांना स्वतःचीच कवळी सावरावी लागली.

त्या दिवशी एवढंच झालं. भाजीत मीठ कमी आहे, अशी तक्रार करून बाबा झोपायला गेले. सकाळी उठलेच नाहीत.

भेटायला येणारे म्हणत, "लेक किती खंबीर!" खंबीर कसली! दारावरची बेल वाजली तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. पण ती चहा करायची, कप विसळायची आणि लोकांचंच सांत्वन करायची.

मग ती आणि दादा मृत्युपत्र घेऊन वकीलबाईंकडे गेले. वकीलबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरलं.

"हे मेनूकार्ड कशाला आणलंत? मूळ प्रत द्या."

"हीच मूळ प्रत."

वकीलबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, सही शाईची आहे की छापलेली, हे प्लॅस्टिकवरून कसं कळणार? आणि हे टिकलं नाही, तर जुनं मृत्युपत्र उभं राहील."

जुनं बाबांनी लग्नाआधी केलेलं. त्यात घर काकांना! ते मात्र काकांच्या कपाटात, साध्या पाकिटात, करकरीत!

"साक्षीदार आहेत, बघू काय होतं ते," वकीलबाई म्हणाल्या. "पण याला आता कुणी हात लावायचा नाही!"

त्याच आठवड्यात काका घरी आले. "वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," असं म्हणत त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीची मापं घेतली. त्यांची मोजपट्टी खाटकन मिटली, आणि आईने ओट्याची कड घट्ट धरली. लेकीच्या मनात आलं, या वयात आई जाणार कुठे?

दुपारी आई आडवी झाल्यावर दादा कुजबुजला, "उपाय सापडला! वरून ओला रुमाल, त्यावर इस्त्री. केळ्यासारखी साल निघते म्हणे!"

"वकीलबाई हात लावू नका म्हणाल्यात."

"हात कुठे लावतोय? इस्त्री लावतोय!"

तिने इस्त्री घेतली. खरं तर नाही म्हणायला हवं होतं. कोपरा सुटला, प्लॅस्टिक कुरकुरत वर आलं, आणि बाबांच्या सहीची शेवटची रेघ प्लॅस्टिकला चिकटून वर येऊ लागली!

"थांब! थांब!"

"फुंकर मार!"

"फुंकर मारून काय होणार?"

"मग काय करणार?"

कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग उमटला होता. दादा भिंतीला टेकून खाली बसला. "पुराव्याशी छेडछाड! आपण दोघंही आत जाणार. तुझं बरं आहे, तुला तिथे वाचनालय मिळेल. माझं काय?"

कोर्टात तारीख पडली. दंतवैद्य पिंजऱ्यात उभे राहिले. "साहेब, ही सही त्यांचीच. आमच्या डोळ्यांदेखत केली आणि आमच्या डोळ्यांदेखत यंत्रात घातली. दाढ काढायच्या आधी त्यांनी संमतीच्या कागदावर अशीच सही केली होती. तो कागदही मागून नेला आणि लॅमिनेट करून परत दिला!"

बायकोनेही तेच सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"साक्षी पुरेशा आहेत. पण या कोपऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी निकाल देणार नाही. हा कोपरा कुणी उचकटला?"

काका खाकरले. वकीलबाईंनी डोळे मिटले.

"उन्हाने सुटला असेल, साहेब," दादा म्हणाला.

"उन्हाने इस्त्रीचा डाग पडत नाही."

ती उभी राहिली. रात्रभर घोकलेलं वाक्य बाजूलाच राहिलं.

"मी उचकटला."

"का?"

"भीती वाटली, साहेब. घर जाईल, आई उघड्यावर पडेल याची. आणि… त्या सहीला मला एकदा बोट लावायचं होतं. प्लॅस्टिकवरून बाबा हाताला लागतच नव्हते." आई मागच्या बाकावरून बघत होती. तिची नजर टाळून लेक भराभर बोलत सुटली. "ते गेल्यापासून मला सारखी भीती वाटते. चहा करताना, बेल वाजली की, काही नसताना सुद्धा. हे मी कुणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. मी खंबीर वगैरे काही नाहीये, साहेब… आणि इस्त्रीची कल्पना दादाची होती!"